डमीतही ऐंशी टक्के

पोटासाठी घर सोडून निघालेला माणूस मुळात एकच असतो; पण तो आपल्या दारातून बाहेर पडला तर त्याला संधी मिळालेली असते आणि आपल्या दारात येऊन उभा राहिला तर तो लोंढा असतो. शहाण्या माणसांना ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तिला सरकारी खात्याचा दर्जा मात्र धर्मराज कोंडीलकर यांच्यामुळे मिळाला. त्यांच्या 'संधी व स्थलांतर' खात्याचे दोन विभाग होते. संधी विभाग जाणाऱ्यांसाठी, स्थलांतर विभाग येणाऱ्यांसाठी. पहिल्या विभागाला एसी होता आणि दुसऱ्याला पोलीस बंदोबस्त. (दोन्ही विभागांना चहा एकाच टपरीवरून येई. टपरीवाला गोरखपूरचा होता, पण चहा ही बाब खात्याच्या कक्षेत येत नव्हती.)

धर्मादादांच्या एवढ्या मोठ्या कारकिर्दीला रंग पुरवला तो बदलापुरातल्या कात्रपच्या आनंदा पेंटरने. हे अक्षरशः खरं आहे. दादा तेव्हा नुसते दादा होते आणि उल्हासनगरच्या दुकानांच्या इंग्रजी पाट्यांना काळं फासण्याचं आंदोलन त्यांनी हाती घेतलं होतं. आंदोलनाला काळा रंग लागतो, आणि बदलापुरात उधारीवर रंग देणारा आनंदा एकटाच होता. पहिल्याच दिवशी कॅम्प नंबर दोनमधल्या एका सिंधी कापडवाल्याने हात जोडले.

"साईं, सकाळी नको ना, गिऱ्हाईकीचा टाइम आहे. दुपारी या, दोन बजे के बाद. आणि एक बात, नवीन मराठी पाटी तुम्हीच बनवून द्या. बाहेर कशाला जाऊ?"

दादांनी मोठ्या मनाने वेळ बदलून दिली. दुपारी आनंदाने पाटीला काळं फासलं आणि चार दिवसांनी त्याच दुकानाची मराठी पाटी रंगवली. असं अख्ख्या बाजारात झालं. भाषेची सेवा आणि धंदा यांत काहीजण विनाकारण विरोध बघतात. त्यांनी ब्रश कधी हातात धरलेला नसतो.

पुढे दादांना घोषणा हवी होती. ती आनंदानेच करून दिली: 'पोट भरायला आलात, पोट भरलं, आता निघा!' घोषणा सगळ्यांना आवडली, फक्त एक अडचण होती. ज्यांना निघायचं होतं त्यांना मराठी वाचता येत नव्हतं आणि ज्यांना वाचता येत होतं ते इथलेच होते. मग आनंदाने चित्र काढलं. डोक्यावर गाठोडं घेतलेला माणूस, आणि त्याच्या पाठीत टोचेल असा एक बाण. पेंटर लोक स्टेन्सिल कापायला जुना एक्स-रे वापरतात, कारण त्या फिल्मला रंगाने काही होत नाही. आनंदाच्या घरात एकच एक्स-रे होता, त्याच्या मुलाचा, सुयोगचा, लहानपणी त्याला न्यूमोनिया झाला होता तेव्हाचा. पोरगा बरा होऊन वर्षं लोटली होती. आनंदाने त्या बरगड्यांमधूनच गाठोडेवाला कापून काढला आणि अंबरनाथपासून वांगणीपर्यंत एकही मोकळी भिंत ठेवली नाही.

आता कुणी म्हणेल की दादांचा बाहेरच्या माणसांवर राग होता. हा निव्वळ अपप्रचार आहे. दादांच्या पत्नीच्या नावाने 'कुमुदिनी मनुष्यबळ सेवा' ही संस्था चालत असे आणि मोरिवलीच्या आजूबाजूच्या कारखान्यांत काम करणारी निम्मी माणसं तिनेच बिहारातून आणलेली होती. स्थानिक मुलांना दादांनी आधी विचारलं नाही असंही नाही. विचारलं होतं. मुलं तयारही होती, पण त्यांना सवड नव्हती. हळद, लग्न, साखरपुडा, गावदेवीची जत्रा, कुणाचं दहावं, टेनिस बॉलचे सामने, त्या सामन्यांची बक्षिसं वाटायला येणाऱ्या दादांचं स्वागत आणि शिवाय दादांचा वाढदिवस, एवढं सांभाळून जो वेळ उरेल तो कारखान्याला द्यायला कुणाचीच ना नव्हती. संस्थेच्या एका पाहणीनुसार असा वेळ वर्षातून सरासरी एक मंगळवार उरतो. (त्या मंगळवारी कारखान्याला सुट्टी असते.)

तेव्हा दादा सकाळी माणसं आणत आणि संध्याकाळी सभेत त्यांना 'निघा' म्हणत. आणणं आणि हाकलणं या दोन्ही कामांचा एवढा अनुभव अख्ख्या सभागृहात दुसऱ्या कुणाकडे नव्हता. म्हणून पक्षाने त्यांना मंत्री केलं. योग्य जागी योग्य माणूस बसण्याचे प्रसंग लोकशाहीत क्वचित येतात, त्यांतला हा एक.

मंत्री झाल्यावर दादांनी एका थंड देशाशी करार केला. (देशाचं नाव राजनैतिक कारणास्तव देता येत नाही. दादांनाही ते शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही.) त्या देशात गवंडी कमी पडत होते. आपल्याकडची मराठी मुलं तिथे जाऊन त्यांच्या इमारती बांधतील, अशी 'सातासमुद्रापार मावळा' नावाची योजना निघाली. उद्घाटनाच्या सभेत दादा म्हणाले, "जग आपल्याला बोलावतंय! आपला पोरगा जिथे घाम गाळेल ती त्याची भूमी!" टाळ्या थांबेनात. त्या स्टेजच्या मागच्या भिंतीवर आनंदाचा गाठोडेवाला होताच. त्याच्यावर योजनेचा फ्लेक्स लावल्यामुळे फक्त बाण तेवढा बाहेर दिसत होता.

आनंदाला या योजनेत खरोखर रस होता, कारण सुयोग. मुलगा बी.कॉम. होऊन घरी बसला होता. मोबाइलवर व्हिडिओ करायचा आणि 'काय करतोस?' विचारलं की 'बघतोय' म्हणायचा. लग्नाच्या बाजारात 'बघतोय' या हुद्द्याला फारशी मागणी नाही. आनंदाची बायको रंजना देवाला नवस बोलून थकली होती. आणि आनंदाला एकच धसका होता, की एक दिवस हा पोरगा आपल्यासारखाच शिडीवर चढून भिंती रंगवत बसेल. एवढ्या वर्षांत त्याने दादांकडे काही मागितलं नव्हतं. आता मागितलं. दादांनी खांद्यावर हात ठेवला. "आनंदा, तुझा सुयोग पहिल्या विमानात. शब्द."

शब्द दिला तरी परीक्षा होती. त्या देशाचे दोन परीक्षक बदलापूरला येऊन प्रत्येक उमेदवाराकडून छातीएवढी भिंत बांधून घेणार, तिला गिलावा करून घेणार आणि मग निवड करणार. परीक्षेची तारीख मंत्रालयाने सरकारी कॅलेंडर बघून काढली. लग्नसराई सरकारी कॅलेंडरात नसते, हा त्या कॅलेंडरातला जुना दोष आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी दादांच्या पुतण्याची, सनीची हळद होती, वांगणीच्या फार्महाउसवर. आपल्या भागात लग्नाला नाही गेलं तर एक वेळ चालतं. हळदीला नाही गेलं तर पुढच्या पिढीत सोयरीक अडते. त्यातून खुद्द दादांनी गावोगाव निरोप धाडला होता, एकही पोरगा मागे राहता कामा नये. एकही राहिला नाही.

सकाळी कात्रपच्या मैदानावर विटा होत्या, वाळू होती, सिमेंट होतं, थाप्या आणि ओळंबे होते, डोक्याला टोप्या घातलेले दोन गोरे परीक्षक होते. मावळा एकही नव्हता. सगळे मावळे वांगणीला जिथे जागा मिळाली तिथे आडवे झाले होते. फक्की टाकून मैदानावर आकडे लिहायला आलेल्या आनंदाने सुयोगला फोन लावला. तो लागला नाही. मग दादांना लावला.

"दादा, इथं कोण नाय. साहेब लोक घड्याळ बघतायत."

पलीकडे आधी कुणाचं तरी घोरणं ऐकू आलं. मग गालाला हळद लागलेला माणूस बोलतो तसा आवाज आला. "मोरिवलीची फर्स्ट शिफ्ट उचल. गाड्या भरून आण. नावं काय, कुणाचीबी कुणाला दे."

गाड्या आल्या. आनंदा एकेकाच्या गळ्यात नंबराची पाटी अडकवून त्याला त्याचं नवं नाव सांगू लागला. सुयोगच्या नंबराशी आला तेव्हा समोर एक बिहारातल्या मधुबनीचा माणूस होता, मुनेसर महतो, तिशीचा, मोरिवलीला बनूबाईच्या चाळीत राहणारा.

"नाम पूछा तो क्या बोलने का?" आनंदाने विचारलं.

"सुयोग."

"बाप का नाम?"

"आनंदा." मुनेसरने त्याच्याकडे नीट पाहिलं. "आप ही हैं का, चचा?"

"हां."

"तब तो ठीक से करना पड़ेगा," असं म्हणून त्याने थापी उचलली.

भिंत सरळ आली. गोऱ्या परीक्षकाने तिच्यावर हात फिरवला आणि काहीतरी म्हणाला. दुभाष्याने सांगितलं, "साहेब म्हणतात, या मुलाच्या वडिलांनी याला चांगलं शिकवलंय." आनंदाने हात जोडले. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते खोटं नव्हतं.

निकाल शंभर टक्के लागला. परीक्षा मोरिवलीने दिली आणि विमानात वांगणी, बदलापूर बसलं. पासपोर्ट मावळ्यांचे होते, त्यामुळे कायद्याने कुठेच अडलं नाही. सुयोगला ढोल लावून निरोप दिला. रंजनाने त्याच्या बॅगेत शेंगदाण्याची चटणी आणि अंगारा घातला. कात्रपमध्ये आनंदा आता पेंटर राहिला नाही. ज्याचा मुलगा फॉरेनला सेटल झालाय असा माणूस झाला.

मग वाद पेटला. विरोधी पक्षाच्या जिज्ञासाताईंनी मैदानावरचे फोटो पत्रकारांपुढे ठेवले. ताई अभ्यासू आहेत. त्यांनी मुद्दा अचूक मांडला.

"परीक्षेला डमी बसवले याला आमचा आक्षेप नाही. शेवटी पोरांच्या भवितव्याचा प्रश्न आहे. आमचा सवाल एवढाच आहे, की डमी परप्रांतातले का? आमच्या भूमिपुत्रांमध्ये डमी बसायचीही लायकी नाही, असं मंत्र्यांना म्हणायचंय का?"

महाराष्ट्राच्या मनाला इतका खोल घाव फार दिवसांत बसला नव्हता. बदलापूर बंद झालं. 'डमी आमच्या हक्काचे' अशा टोप्या निघाल्या. चॅनेलवर चार चौकोनांत चार माणसं एकदम ओरडू लागली. जी कामं बाहेरच्यांनी नेली ती नेली, पण आता बाहेर जायची कामंही बाहेरच्यांनीच मिळवून द्यायची, यात अपमान नेमका कुठे आहे हे कुणाला सांगता येईना. त्यामुळे तो जास्तच झोंबला.

दादांनी आठवड्याभरात एकापाठोपाठ एक खुलासे केले. परीक्षा झालीच नव्हती. परीक्षा झाली, पण फोटोतली माणसं विटा उचलायला आणली होती. माणसं स्थानिकच होती, फोटो बाहेरचा होता. चौथ्या खुलाशाला दिल्लीहून फोन आला आणि खुर्ची हलते आहे हे दादांच्या लक्षात आलं. संकटात माणसाची खरी उंची कळते. दादांनी त्याच दुपारी शासन निर्णय काढला: यापुढे राज्यातील सर्व परीक्षांमध्ये डमी उमेदवारांपैकी किमान ऐंशी टक्के डमी स्थानिक असतील. उरलेले वीस टक्के खुल्या प्रवर्गातून. डमींच्या कौशल्यवाढीसाठी वांगणीला एक केंद्रही मंजूर झालं. (उद्घाटन पुढे ढकलावं लागलं. त्या दिवशी गावात हळद होती.)

जिज्ञासाताईंनी हा जनतेचा विजय म्हटला, दादांनीही जनतेचाच म्हटला. जनतेचा विजय झाला यावर दोन्ही पक्षांचं एकमत होण्याची ती पहिलीच वेळ असावी. आणि आपण मनापासून बोलतोय हे दिसावं म्हणून दादांनी जुनी 'निघा' मोहीम पुन्हा काढली, मोरिवलीपासूनच. आनंदाला निरोप आला. त्याने माळ्यावरून एक्स-रे काढला, पुसला आणि कामाला गेला. बनूबाईच्या चाळीच्या भिंतीवर त्याने खाली 'निघा' लिहून गाठोडेवाला दोनदा छापला, कारण भिंत लांब होती. काम ते काम.

सुयोगचे फोन येत होते. पहिल्या फोनला बर्फ होता, लाल टोपी होती, हसणं होतं. दुसऱ्या फोनला हसणं जरा कमी होतं. मग एका दुपारी तो टोपीशिवाय दिसला.

"पप्पा, भिंत तिरकी जातेय. दोनदा पाडली माझी. आता मला वरच्या परांचीवर टाकलाय, माल चढवायला. वारा इतका असतो ना, हात थिजतात, पकडायला नाय जमत. काल आपला वांगणीचा तुषार पडला वरून. मणक्याला लागलंय. साहेब बोलला, परत टेस्ट घेतो, भिंत आली तर खाली काम देतो, नायतर वरच." तो थांबला. "पप्पा, माझी भिंत ज्याने बांधली ना, त्याला व्हिडिओवर बसव. नुसतं दाखवू दे मला कसं धरायचं ते. प्लीज. मला भीती वाटते वर."

सुयोग लहानपणी न्यूमोनियात 'श्वास येत नाय, भीती वाटते' म्हणाला होता, त्यानंतर 'भीती वाटते' असं त्याने पहिल्यांदाच म्हटलं. आनंदाने चप्पलही नीट घातली नाही. स्कूटर काढली आणि मोरिवली गाठली.

बनूबाई ओट्यावर बसली होती. मागे चाळीच्या खोल्यांची दारं सताड उघडी होती आणि आत काही नव्हतं.

"आलास? ये, बघ तुजी कारागिरी," ती म्हणाली.

"मावशी, मुनेसर कुठल्या खोलीत?"

"कंच्याच नाय. गेला. सगली गेली. भितीवर तूच लिवलंस ना निगा म्हनून? निगाली. वाचता येत नसंल मेल्यांना, पन चित्तर कलतंय."

"नंबर असेल ना त्याचा?"

"बंद हाय. मीच लावला सकाली, त्याची बालदी रायली म्हनून." बनूबाईचा आवाज चढला. "माजा भाडा आता कोन देल रं? तुजा मंत्री येल खोलीत ऱ्हायला?"

आनंदा भिंतीकडे बघत राहिला. गाठोडेवाला शेजारी शेजारी दोनदा उभा होता. कडा स्वच्छ होत्या, रंग कुठे ओघळला नव्हता. काम चांगलं झालं होतं.

त्या संध्याकाळी सुयोगने फोटो पाठवला. त्यांना जिथे ठेवलं होतं त्या इमारतीची समोरची भिंत. त्या देशाच्या लिपीत मोठ्या अक्षरांत एक ओळ होती आणि खाली चित्र. माणूस, पाठीवर सॅक, आणि मागून टोचेल असा बाण. आनंदाने फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. स्टेन्सिलचंच काम होतं. रंग जरा पातळ घेतला होता.

रंजनाने विचारलं, "अहो, काय लिहिलंय ते?"

"आपल्याला कुठं येते त्यांची भाषा," आनंदा म्हणाला. त्याने ती ओळ पहिल्याच नजरेत वाचली होती.

दादांच्या कानावर बातमी गेली तेव्हा ते खरोखर संतापले. त्यांनी त्या देशाचा जाहीर निषेध केला. कष्ट करायला आलेल्या माणसाला हाकलणं हे कोणत्या संस्कृतीत बसतं, असा रोखठोक सवाल त्यांनी विचारला आणि तो सवाल शहरभर भिंतींवर रंगवायचं ठरलं. काम अर्थात आनंदाकडे आलं. मोरिवलीला मोकळी जागा उरली होती ती बनूबाईच्या चाळीच्या भिंतीवरच. आनंदा शिडीवर चढला आणि गाठोडेवाल्यांच्या बरोबर वर त्याने सुबक अक्षरांत लिहिलं: 'पोटासाठी आलेल्यांना हाकलू नका!'  लिहिताना 'हाकलू'मधल्या 'हा'चा काना वाकडा आला. एवढ्या वर्षांत त्याची रेघ पहिल्यांदा वाकडी गेली. ती भिंत अजून तशीच आहे. खाली निघा, वर हाकलू नका, दोन्हींचं अक्षर एका हाताचं. येणारे-जाणारे दोन्ही वाचतात आणि त्यांना दोन्ही पटतं.

दादांची खुर्ची वाचली. सुयोग अजून परांचीवर आहे. परवा त्याच्या भिंतीची पुन्हा परीक्षा आहे आणि रंजना देव पाण्यात ठेवून बसली आहे. आनंदा फोन हातातून खाली ठेवत नाही. इथपर्यंत वाचताना आपल्याही जिवाला सुयोगची काळजी लागली असेल. पोरगा पडू नये, त्याची भिंत सरळ यावी, असं मनात आलं असेल. ते साहजिक आहे, आणि ते आपल्या चांगुलपणाला धरूनच आहे. खात्याने या प्रकरणावर लोकांची मतं मागवली तेव्हाही शेकडो माणसांनी सुयोगची चौकशी केली, काहींनी त्याला गरम कपडे पाठवायची तयारी दाखवली. मुनेसर बालदी मागे टाकून कुठे गेला, हे मात्र आजवर एकानेही विचारलेलं नाही. तुम्हालाही तो आता मी सांगितल्यावरच आठवला.